मेथी काळी होईपर्यंत

मेथीचे दाणे लाल झाले की हात आपोआप गॅसकडं जातो.
या घरात करपलं म्हणजे करपलं,
सासूबाई ताट नुसतं सरकवायच्या,
बोलायच्या नाहीत.

मनमाया मनगट धरायची.
दिदी, कालो हुन दिनुस्.
काळी होऊ दे. अजून.
मोहरीच्या तेलाचा धूर माळ्यापर्यंत,
समोरची नीलव्वा दारात येऊन ओरडायची,
ओग्गरणी सीदु होतु!
मी फोडणी म्हणायची, मनमाया झान्ने.
तीन बायका, एक कढई,
खोकला मात्र तिघींना एकच.

तिचा नवरा टेकबहादूर, कौलांच्या कारखान्यावर राखणदार.
रात्री काठी आपटत जायचा,
खानापूरच्या रेल्वे फाटकापर्यंत आणि परत.
आमच्या मागच्या खोलीत सहा वर्षं.
भाडं पाच तारखेला, कधी सहा झाली नाही.
खिडकीत तिची बरणी:
जांबोटीच्या बाजूनं आलेले बांबूचे कोंब,
चिरून, मिठाच्या पाण्यात, आंबत.
हे म्हणाले, उंदीर मेलाय कुठंतरी.
तीन दिवस शोधला.

मग चौथ्या दिवशी वाटी आली.
बटाटा, चवळी, ते कोंब,
रस्सा पातळ, पिवळा,
आंबट असा की एक डोळा मिटतोच.
यांनी दोनदा भात घेतला.
उंदराचं नाव नाही.

कारखाना पौषात बंद पडला.
जाताना तिनं बामच्या धुतलेल्या बाटलीत
चिमूटभर जिम्बू दिलं,
दिसायला वाळकं गवत, वासाला लसणीचा चुलतभाऊ.
आणि पुडीत टिमूर.
तिरफळंच की गं ही, मी म्हटलं,
आम्ही बांगड्यात घालतो ती.
तिनं माझं एक तिरफळ चावून बघितलं,
आणि जीभ बधिर झाली तरी हसत राहिली,
ट्रंक रिक्षात चढवेपर्यंत.

आज रविवार. सकाळच्या गाडीनं बेळगावला जाऊन आले.
कॅम्पातला दुकानदार तेलाची बाटली बांधताना विचारतो,
गुडघे धरलेत काय वो मावशी?
म्हटलं, हो.
कुठं सांगत बसू.

कोंब नीलव्वाच्या नातवानं आणले होते श्रावणात,
या खेपेला बरणी माझी,
उंदीर शोधायला हे नाहीत.
जावई पुण्याचा, मोबाइलमध्ये वाचून सांगतो,
आई, अस्सल नेपाळी करीत गरम मसाला पडतो.
पडत असेल.

तरी मनात किडा वळवळलाच. फोन लावला.
बुटवलच्या वर कुठंतरी, रेंज येते, जाते.
खरं सांग, तुझी आई कसं करायची हे?
ती जरा थांबली. इथं शिकलेलं मराठी
तिला आता हुडकावं लागतं.
आमच्या गावात बांबू नाही दिदी,
गाव फार वर आहे.
हे मी खानापुरात शिकले, तुमच्या मागच्या खोलीत,
सासूला फोनवर विचारून.
पहिल्यांदा फार आंबट झालं,
तुम्ही गूळ दिला, आठवतं?
आता इथं पण घालते.
सासू ओरडते, हे कुठलं खूळ म्हणून.

मला गूळ आठवत नाही.
दिला असेल. डबा तिथंच असतो, हाताशी.

फोन पोळपाटाला टेकवून ठेवला.
तेलातून धूर निघाला, मेथी टाकली.
लाल.
तपकिरी.
नीलव्वा काठी टेकत दारात आलीच.
हात माझा पुढं निघालेला
आणि पोळपाटावरून आवाज,
कालो भयो?

छे गं. अजून नाही.
नीलव्वा खोकली, मी खोकले,
आणि पलीकडून, खरंच सांगते,
ती पण.